प्रतिजैविकाचे इंजेक्शन : घाई नको, हेळसांडही नको

"डॉक्टर, गोळ्या राहू द्या, एक इंजेक्शनच टोचा. उद्या कामावर गेलंच पाहिजे."

गल्लीतल्या दवाखान्यात हे वाक्य नेहमी ऐकू येते. मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी दुसरे वाक्य असते : "दोन दिवस झाले, इतकी महाग इंजेक्शनं चालू आहेत. तरी ताप का उतरत नाही?"

पहिल्या माणसाला बहुधा इंजेक्शनची गरजच नसते. दुसऱ्याच्या घरच्या माणसाचा जीव त्याच इंजेक्शनवर अवलंबून असतो. पण या दोन वाक्यांचा एकमेकांशी फार जवळचा संबंध आहे. पहिल्याने विनाकारण टोचून घेतलेली सुई दुसऱ्याच्या औषधाची धार बोथट करते. म्हणूनच शिरेतून किंवा स्नायूतून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांविषयी प्रत्येक घरात चार गोष्टी ठाऊक असायला हव्यात.

हेब्बाळच्या रस्त्यावर

बंगळूर शहरातून विमानतळाकडे निघाले की वाटेत हेब्बाळचा उड्डाणपूल लागतो. एका बाजूला तळे आणि चहूकडे वाहनांची गर्दी. याच बळ्ळारी रस्त्यावर 1973 सालापासून बॅप्टिस्ट हॉस्पिटल उभे आहे. पुढच्या काळात या परिसरात आणखी मोठी रुग्णालये आली. तिथल्या खाटांशेजारी सलाइनच्या बाटल्यांतून जी प्रतिजैविके थेंबाथेंबाने रुग्णांच्या अंगात जातात, त्यांना पर्याय शोधण्याचे कामही याच भागात चालत आले आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल.

ॲस्ट्राझेनेका या बहुराष्ट्रीय औषध कंपनीची संशोधन प्रयोगशाळा हेब्बाळला होती. क्षयरोग, हिवताप अशा गरीब देशांना छळणाऱ्या रोगांवर तिथे नवी औषधे शोधली जात. 2014 साली कंपनीने या रोगांवरील प्राथमिक संशोधन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि प्रयोगशाळेला टाळे लागले. पण तिथल्या काही शास्त्रज्ञांनी हार मानली नाही. त्याच वर्षी 'बगवर्क्स' ही छोटी कंपनी सुरू झाली आणि हेब्बाळच्या पुढे, कृषी विद्यापीठाच्या आवारात, औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंसाठी नव्या प्रतिजैविकाचा शोध चालू झाला. त्यांनी शोधलेले शिरेतून द्यायचे एक औषध माणसांवरील प्राथमिक चाचण्यांपर्यंत पोहोचले.

मोठ्या कंपन्या या क्षेत्रातून पाय का काढून घेतात? कारण सरळ आहे. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो. प्रतिजैविक मात्र जेमतेम आठवडाभर लागते, आणि नवे निघाले तर डॉक्टर ते शक्यतो राखून ठेवतात. मग गुंतवलेला पैसा वसूल व्हायचा कसा? म्हणजे नवी औषधे भराभर येणार नाहीत. जी हाताशी आहेत, तीच जपून वापरली पाहिजेत.

जपून न वापरल्यास काय होते, हे 2010 साली दिसून आले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कार्बापेनेम गटातील अतिशय प्रभावी इंजेक्शनांना न जुमानणारे 24 जंतू तपासले. त्यांपैकी 22 जंतूंमध्ये 'एनडीएम-1' हे विकर तयार करण्याची क्षमता आढळली. हे विकर मेरोपेनेमसारख्या औषधाचे रेणूच मोडून टाकते. असा जंतू रक्तात शिरला की डॉक्टरांना कोलिस्टिनसारख्या जुन्या, मूत्रपिंडाला त्रास देणाऱ्या औषधाकडे वळावे लागते. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2022 साली प्रसिद्ध झाला.

सुई म्हणजे 'जालीम' औषध नव्हे

इंजेक्शन गोळीपेक्षा जालीम असते, हा आपल्याकडचा फार जुना समज. खरे तर फरक मार्गाचा आहे. काही औषधे पोटातून रक्तात शोषलीच जात नाहीत. सेफ्ट्रियाक्झोन, मेरोपेनेम, अमिकासिन ही त्यातली. ती सुईनेच द्यावी लागतात. उलट, लिनेझोलिड किंवा लिव्होफ्लॉक्सासिन पोटातून जवळजवळ पूर्ण शोषले जाते. माणूस गिळू शकत असेल आणि त्याला उलट्या होत नसतील, तर बहुतेक वेळा त्यांची गोळी सलाइनइतकेच काम करते.

क्षयरोगाचे उदाहरण बोलके आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांना पूर्वी महिनोन् महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शने टोचावी लागत. अनेकांचा क्षय बरा झाला, पण ऐकू येणे कायमचे कमी झाले. 2018 नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींनुसार गोळ्यांच्या उपचाराला प्राधान्य मिळाले. सुई गेली आणि उपचार अधिक चांगला झाला!

मग सुई कधी लागते? जंतू रक्तात पसरून रक्तदाब घसरू लागला, मेंदूच्या आवरणाला सूज आली, हृदयाच्या झडपेला किंवा हाडाला जंतुसंसर्ग झाला, न्यूमोनियाने धाप लागली, मूत्रपिंडाच्या संसर्गात थंडी वाजून ताप व उलट्या सुरू झाल्या, अशा वेळी औषध पुरेशा प्रमाणात आणि ताबडतोब रक्तात पोहोचणे आवश्यक असते. तीन महिन्यांच्या आतील बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर घरी वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या हे रोग विषाणूंमुळे होतात. त्यांवर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही, मग ते गोळीतून घ्या की शिरेतून.

पहिला तास महत्त्वाचा

गरज नसताना सुईची घाई नको, हे खरे. पण गरज असताना केलेली हेळसांड जिवावर बेतते. ताप असलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, ग्लानीत गेला, श्वास जलद चालू लागला, लघवी फार कमी झाली, हातपाय गार पडले किंवा कातडीवर निळसर डाग दिसू लागले, तर संसर्ग रक्तात पसरल्याची शंका घ्यावी. वयस्कर माणसांत अशा वेळी ताप नसतोही. "आजी आज गप्पगप्प आहे, जेवली नाही" एवढीच खूण असू शकते. रक्तदाब घसरलेल्या अशा रुग्णाला पहिले प्रतिजैविक तासाभरात मिळावे, असे वैद्यकशास्त्र सांगते.

त्याआधी शक्य असेल तर रक्ताचा नमुना 'कल्चर'साठी घेतला जातो. प्रयोगशाळेत जंतू वाढवून कोणते औषध त्याला मारते, ते पाहतात. याला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अनुभवाने अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारे औषध देतात आणि अहवाल आल्यावर नेमके औषध निवडतात. काही नातेवाईक घाबरतात : "मोठं इंजेक्शन बंद करून साधं का दिलं?" वास्तविक ही चांगल्या उपचाराची खूण आहे. कल्चरचे पैसे वाचवण्याचा मोह मात्र टाळावा. एकदा औषध सुरू झाले की जंतू सापडण्याची शक्यता कमी होते आणि मग सगळा उपचार अंदाजाने करावा लागतो.

ॲलर्जी : सांगा आणि लिहून ठेवा

प्रतिजैविकांपैकी विशेषतः पेनिसिलिन व त्याच्या भाऊबंदांची काहींना ॲलर्जी असते. अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, घशातून घरघर, धाप, चक्कर, अशी लक्षणे इंजेक्शननंतर काही मिनिटांत दिसू शकतात. यावरचा पहिला उपाय म्हणजे मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन. केवळ ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहणे धोक्याचे. म्हणून जिथे ॲड्रिनलिन व प्राणवायूची सोय आहे, तिथेच प्रतिजैविकाचा पहिला डोस घ्यावा आणि नंतर निदान अर्धा तास तिथेच थांबावे. रुग्णाला चक्कर आली तर उभे करू नये. आडवे निजवून पाय उंच करावेत. धाप लागत असेल तर बसू द्यावे. दवाखान्याबाहेर असे घडले तर लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपल्याकडे त्वचेत थोडेसे औषध टोचून 'टेस्ट' घेण्याची पद्धत आहे. ती निर्धोक निघाली म्हणजे भीती संपली, असे मात्र समजू नये. सेफ्ट्रियाक्झोनसारख्या औषधांच्या बाबतीत ही चाचणी खात्रीची नाही. टेस्ट झाली तरी देखरेख हवीच.

याला दुसरी बाजूही आहे. लहानपणी कधीतरी पुरळ आले म्हणून 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का अनेकांवर बसतो. तज्ज्ञांनी नीट तपासले तर अशा दहांपैकी नऊ जणांना ते औषध चालते. तेव्हा कोणते औषध, किती वेळाने, काय झाले, हे नेमके लिहून फाईलमध्ये ठेवावे. नुसते "इंजेक्शन सोसत नाही" या वाक्याचा डॉक्टरांना फारसा उपयोग होत नाही.

प्रत्येक औषधाची वेगळी तऱ्हा

सगळी इंजेक्शने सारखी नसतात. काही नेहमीच्या औषधांची वैशिष्ट्ये घरच्यांनी जाणून घ्यावीत.

*सेफ्ट्रियाक्झोन :* हे बहुधा दिवसातून एकदा दिले तरी पुरते. त्यामुळे ते डॉक्टरांना आणि रुग्णांना सोयीचे वाटते आणि त्याचा अतिवापरही होतो. नवजात बाळाला कॅल्शियमचे सलाइन चालू असेल, तर हे औषध देत नाहीत. दोन्ही एकत्र आल्यास बाळाच्या फुप्फुसात व मूत्रपिंडात खडे जमून मृत्यू ओढवल्याच्या घटना घडल्या आहेत. कावीळ झालेल्या नवजात बाळालाही ते टाळतात. स्नायूत देताना वेदना कमी करण्यासाठी त्यात लिडोकेन मिसळतात. ते मिश्रण शिरेतून कधीही द्यायचे नसते. काहींच्या पित्ताशयात तात्पुरता गाळ साचून पोट दुखते. औषध थांबल्यावर तो सहसा निघून जातो.

*अमिकासिन, जेंटामायसिन :* ही स्वस्त आणि गुणकारी औषधे. परंतु मूत्रपिंड व कान यांना अपाय करू शकतात. कानात आवाज येणे, तोल जाणे किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी सांगावे. रक्तातील क्रिएटिनिन तपासून डोस ठरवला जातो.

*व्हँकोमायसिन :* हे सावकाश, साधारणतः एक ग्रॅमला निदान तासभर या गतीने द्यावे लागते. घाईने दिल्यास चेहरा व मान लाल होऊन खाज सुटते. सलाइन लवकर संपावे म्हणून नातेवाइकांनी त्याचे चक्र फिरवणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे.

*मेरोपेनेम :* फिट्स येऊ नयेत म्हणून जो रुग्ण व्हॅल्प्रोएट घेतो, त्याच्या रक्तातील त्या औषधाचे प्रमाण मेरोपेनेममुळे वेगाने घसरते आणि फिट येऊ शकते. म्हणून घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवावी.

*सेफोपेराझोन :* हे चालू असताना आणि नंतरही काही दिवस मद्य घेतल्यास तोंड लाल होणे, उलट्या, धडधड असा त्रास होतो. मद्यार्क असलेली खोकल्याची औषधेही टाळावीत.

*बेंझाथिन पेनिसिलिन :* संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना हे दर तीन-चार आठवड्यांनी देतात. ते खोल स्नायूतच द्यायचे असते. चुकून शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. पण भीतीपोटी ते चुकवणेही तितकेच घातक, कारण ताप पुन्हा उलटला तर झडप आणखी बिघडते.

सुई नवी, हात स्वच्छ

औषध उत्तम असले तरी सुई दूषित असेल तर? 2009 साली गुजरातमधील मोडासा परिसरात कावीळ 'ब'ची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. तपासात वापरलेल्या सुया-सिरिंजांचा पुन्हा वापर हे कारण पुढे आले. तेव्हा सिरिंज आपल्यासमोर पाकिटातून काढली जाते ना, हे पाहण्यात संकोच बाळगू नये.

बाटलीवरील औषधाचे नाव, मात्रा आणि मुदत वाचावी. पावडरमध्ये पाणी मिसळल्यानंतर औषध ठरावीक वेळातच वापरायचे असते. उरलेले अर्धे घरच्या फ्रीजमध्ये ठेवून उद्या टोचणे योग्य नाही. हाताला लावलेली सलाइनची सुई, म्हणजे कॅन्युला, कोरडी ठेवावी. तिथे लाली, सूज, ठणका किंवा पू दिसला तर परिचारिकेला लगेच सांगावे, कारण जंतूंना तोच दरवाजा सापडतो. गरज संपली की ती काढून टाकण्याची आठवण नातेवाइकांनी करून दिली तरी चालते.

ताप उतरला, मग पुढे?

1941 साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिनची पहिली इंजेक्शने मिळाली. चेहऱ्याच्या भयंकर संसर्गाने तो मरणाच्या दारात होता. काही दिवसांत तो सुधारू लागला. पण औषधाचा साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून पुन्हा टोचण्यात आले. तेही अपुरे पडले. संसर्ग उलटला आणि तो वाचला नाही. पुढे आपल्या देशातही पेनिसिलिन तयार व्हावे म्हणून 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. आता औषधाचा तुटवडा क्वचितच असतो. अर्धवट उपचार होतात ते आपल्याच उतावळेपणाने.

टायफॉइडचे उदाहरण घ्या. योग्य इंजेक्शन चालू असूनही टायफॉइडचा ताप उतरायला पाच-सहा दिवस लागू शकतात. दुसऱ्याच दिवशी "गुण येत नाही" म्हणून डॉक्टर बदलणे, नव्या डॉक्टरांनी औषध बदलणे, यात रुग्णाचे आणि औषधाचेही नुकसान होते. मूत्रपिंडाच्या संसर्गाला बहुधा आठवडाभर, तर हृदयाच्या झडपेच्या संसर्गाला चार ते सहा आठवडे उपचार लागतो. किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावे. आपल्या मनाने औषध थांबवू नये, आणि "आणखी दोन दिवस द्या" असा आग्रहही धरू नये. जरुरीपेक्षा जास्त दिवस दिलेले औषध जंतूंना अधिक शहाणे करते!

दोन-तीन दिवसांत ताप उतरला, रक्तदाब स्थिर झाला, रुग्ण खाऊपिऊ लागला, तर अनेकदा इंजेक्शन बंद करून गोळी देता येते. 'गोळीवर कधी आणता येईल?' हा प्रश्न तिसऱ्या दिवशी नम्रपणे विचारावा. सुईचा त्रास, खर्च आणि रुग्णालयातील मुक्काम, तिन्ही कमी होतात.

उपचारादरम्यान किंवा त्यानंतर काही आठवड्यांत पाण्यासारखे वारंवार जुलाब झाले, तर ते साधे अपचन समजू नये. प्रतिजैविकाने आतड्यातील उपयुक्त जंतू मेल्यावर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा उपद्रवी जंतू वाढू शकतो. जुलाब थांबवण्याची गोळी परस्पर न घेता डॉक्टरांना दाखवावे.

गोठ्यातली सुई

हेब्बाळला जुने पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. इथे त्याची आठवण येण्याचे कारण असे की प्रतिजैविकांच्या सुया फक्त माणसांनाच टोचल्या जात नाहीत. गाईच्या कासेला सूज आली की तीच किंवा तशीच इंजेक्शने दिली जातात. त्यानंतर पशुवैद्यांनी सांगितलेले दिवस ते दूध विकू नये, घरीही वापरू नये. कोंबड्यांची वाढ जोमाने व्हावी म्हणून खाद्यात कोलिस्टिन मिसळले जात असे. माणसांसाठी हे अखेरचे शस्त्र! 2019 साली केंद्र सरकारने खाद्य प्राण्यांसाठी त्याचा वापर बंद केला.

माणसांच्या औषधांसाठीही नियम आहेत. 2014 पासून लागू झालेल्या 'एच-1' यादीत सेफ्ट्रियाक्झोन, मेरोपेनेम अशी अनेक प्रतिजैविके आहेत. ती विकताना दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव नोंदवहीत लिहायचे असते. 2016 साली सरकारने औषधांच्या पाकिटावरील लाल रेघेविषयी मोहीम सुरू केली. ती रेघ दिसली की समजावे, हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही.

डॉक्टरांना काय सांगाल, काय विचाराल?

सांगा :
• पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला होता
• मूत्रपिंड, यकृत किंवा फिट्सचा आजार
• गर्भधारणा किंवा अंगावर दूध पिणारे बाळ
• रक्त पातळ करणाऱ्या औषधांसह चालू असलेल्या सर्व गोळ्या
• गेल्या तीन महिन्यांत घेतलेली प्रतिजैविके

विचारा :
• संसर्ग कुठे आहे आणि जिवाणूंचाच आहे का?
• कल्चर पाठवले का? अहवाल कधी येईल?
• औषध किती दिवस? गोळीवर कधी येता येईल?
• घरी गेल्यावर कोणती लक्षणे दिसली तर परत यायचे?

चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत. उलट, घरचे लोक जागरूक आहेत हे पाहून त्यांचे काम सोपे होते. पुढच्या वेळी साध्या सर्दीतापात "एक इंजेक्शन टोचाच" असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कधीतरी आपल्याच घरातले माणूस एखाद्या रुग्णालयाच्या खाटेवर असेल, बाटलीतून औषधाचे थेंब पडत असतील, आणि त्या थेंबांनी काम करावे एवढीच सगळ्यांची प्रार्थना असेल. त्या दिवसासाठी हे औषध आज राखून ठेवणे आपल्याच हातात आहे.